अर्धी गोळी

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा दीर्घ वैद्यकीय व्यवसायातील एखादा यशस्वी प्रसंग लिहावा, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु मी लिहिणार आहे ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी. त्या चुकीतील रुग्ण चार पायांचा होता आणि पाच किलो वजनाचा होता. सिकंदराबादेतील आपल्या मराठी डॉक्टर मंडळींपैकी पुष्कळांच्या घरी आज असा रुग्ण नांदतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी दवाखाना मुलाच्या हाती सोपवला त्याच वर्षी नातवाच्या हट्टापायी मारेडपल्लीच्या आमच्या घरात चांदणी आली. पांढरीशुभ्र, टोकदार नाकाची, झुबकेदार शेपटीची. आपल्याकडे अशा कुत्र्याला सर्रास पॉमेरियन म्हणतात. वस्तुतः ती भारतीय स्पिट्झ. 1994 साली आलेल्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी आठवतो ना, त्याच कुळातली. खरा पॉमेरियन हा तिचा दूरचा चुलतभाऊ. तोही पूर्वी बराच मोठा असे. व्हिक्टोरिया राणीने 1888 साली इटलीहून मार्को नावाचा लहान चणीचा पॉमेरियन आणला आणि त्यानंतर लहान आकाराचीच आवड वाढत गेली. माणसाच्या हौसेने कुत्रे मांडीवर मावेल एवढे झाले खरे, पण त्याबरोबर त्याची हाडे, दात आणि श्वासनलिकाही नाजूक झाली, हे मात्र हौस करणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही.

पहिले काही आठवडे शिकवणीत गेले. शिकवणी चांदणीची, असा माझा समज होता. तीन महिन्यांच्या पिल्लाला तीन-चार तासांहून अधिक काळ लघवी आवरता येत नाही. झोपून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला बाहेर न्यायचे व काम योग्य जागी झाले की त्याच क्षणी शाबासकी द्यायची, एवढाच त्याचा अभ्यासक्रम. गालिचा ओला झाल्यावर अर्ध्या तासाने रागावण्यात काही अर्थ नसतो. पिल्लाला गालिचा आणि राग यांचा संबंध जुळवता येत नाही. ते फक्त आपल्याला भिऊ लागते.

खरी पंचाईत भाषेची झाली. मी आणि आमच्या सौ. तिला ‘बस’ म्हणत असू. घरकामाच्या बाई ‘कूर्चो’ म्हणत, शेजारचे खानसाहेब ‘बैठ’, आणि नातू ‘सिट’. त्यात ‘बस’ हा शब्द तर घातकच. जेवायच्या टेबलाशी कोणी पाहुणा वाढणाऱ्याला ‘बस, बस’ म्हणाला की चांदणी त्याच्या पायाशी बसून बक्षिसाची वाट पाही! अखेर घरातील सर्वांची सभा भरवून तेलुगू ‘कूर्चो’ मुक्रर केले. एका कृतीला एकच शब्द, सर्वांच्या तोंडी तोच, आणि आज्ञा पाळताच क्षणाचाही विलंब न लावता बक्षीस, हे पथ्य पाळल्यावर आठ दिवसांत ती शिकली. मूढ तिला समजत होतो, गोंधळ आमचा होता.

भुंकण्याचेही तेच. लहान कुत्रे दारावरच्या माणसावर भुंकले की आपण त्याला उचलून छातीशी धरतो आणि गोंजारतो. आपल्या मते ती समजूत असते, त्याच्या मते ते पारितोषिक. उचलणे बंद करून, गप्प झाल्यावर दाणा देऊ लागलो तेव्हा दारावरची बेल सुसह्य झाली.

खाण्याच्या बाबतीत आपली संस्कृती आड येते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्या मनात घर करून असतात. परंतु पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे साडेतीनशे कॅलरी पुरतात. चहाबरोबर दिलेली चार ग्लुकोज बिस्किटे म्हणजे तिचा पाव दिवसाहून अधिक आहार झाला. आपल्या हिशेबाने ती बावीस-तेवीस बिस्किटे होतात. शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षे, कांदा, लसूण आणि चॉकलेट ही तर तिला विषेच. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगमही तसेच, आणि मधुमेह्यांच्या घरी ते हाताशी असते.

बाकीची निगा अवघड नाही, नियमित मात्र हवी. लहान जातींत दात व हिरड्यांचे विकार फार, म्हणून रोज कुत्र्यांच्या पेस्टने दात घासावेत. माणसांची पेस्ट वापरू नये. श्वासनलिका नाजूक असल्याने दोरी गळपट्ट्याला न बांधता छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याला बांधावी. उन्हाळ्यात दया येऊन केस मुळापासून भादरू नयेत. तो दुहेरी कोट उन्हापासूनही रक्षण करतो. विंचरून सुटे केस काढले की पुरे. रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका बसला तर तिच्या तळव्यांनाही बसतो. आणि लसी. सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंतची मालिका, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने पुढील मात्रा. घराबाहेर न पडणाऱ्या कुत्र्यालाही यातून सूट नाही.

हे सारे मी निष्ठेने करीत होतो. चूक झाली ती जिथे मला काहीच विचारायची गरज वाटली नाही तिथे.

मे महिना होता. चांदणी सोफ्यावरून उडी मारून उतरली आणि मागचा एक पाय उचलून तीन पायांवर चालू लागली. संध्याकाळी ती निपचित पडून होती. मी तापमापक लावला. पारा 102 वर. अंश फॅरनहाइट, अर्थात. ताप आणि पायाला वेदना, निदान झाले. खणात चारशे मिलिग्रॅमची आयबुप्रोफेनची पट्टी होती. लहान जीव म्हणून सावधगिरीने अर्धीच गोळी गुळात घालून दिली. सौ. म्हणाल्या, ‘‘एकदा जनावरांच्या डॉक्टरांना विचारा ना.’’ मी म्हणालो, ‘‘आयुष्यभर हेच तर केले.’’

दुसऱ्या दिवशी तिने अन्नाला तोंड लावले नाही. दोनदा उलटी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात डांबरासारखे काळे शौच दिसले. त्याचा अर्थ मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

राजेंद्रनगरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या एक तरुण डॉक्टर आमच्या भागात व्यवसाय करतात. माझ्या मुलीहूनही लहान. त्यांनी चांदणीला तपासले, रक्त घेतले, शिरेतून सलाईन सुरू केले, आणि मग मला विचारले, ‘‘सर, घरी काही औषध दिले होते का?’’

‘‘अर्धी गोळी,’’ मी म्हणालो, आणि नाव सांगितले.

त्यांनी कागदावर दोनशे लिहून त्याला पाचाने भागले. किलोला चाळीस मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला हेच प्रमाण लावले, तर चोवीसशे मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी चारशेच्या सहा गोळ्या. त्यातही कुत्र्याच्या शरीरात हे औषध पित्तावाटे पुन्हा पुन्हा आतड्यात येते आणि जठराच्या अस्तराला माणसापेक्षा कितीतरी कमी मात्रेत जखमा होतात. मात्रा याहून मोठी असती तर मूत्रपिंडेही गेली असती.

‘‘ताप होता म्हणून दिली,’’ मी पुटपुटलो.

त्या क्षणभर थांबल्या. मग अत्यंत आदराने म्हणाल्या, ‘‘सर, तिला ताप नव्हताच. कुत्र्याचे तापमान एकशे एक ते साडेएकशे दोन असतेच.’’

पायाचे दुखणे म्हणजे गुडघ्याची वाटी खाचेतून सरकणे. लहान जातींत ते नेहमीचेच. सोफ्याशी एक पायरी ठेवली, वजन थोडे कमी केले आणि तेवढ्याने भागले. जठराच्या जखमांसाठी सुक्रालफेट व पँटोप्रॅझोल चालू होते. तीन दिवस मी रोज त्या दवाखान्यातील बाकावर, इतर मालकांच्या रांगेत, आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसलो. रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे कसे पाहतात, ते मला इतक्या वर्षांनंतर त्या बाजूने समजले. चौथ्या दिवशी चांदणीने दहीभाताला तोंड लावले.

त्या बाकावर बसल्या बसल्या मला रोनाल्ड रॉस आठवले. आपल्या घरापासून फार दूर नसलेल्या बेगमपेटच्या छावणीत ते 1895 पासून डासांची पोटे चिरून मलेरियाचा जंतू शोधत होते. चिकाटीत उणे नव्हते, सूक्ष्मदर्शकही होता, पण डास चुकीच्या जातीचे होते. 1897 च्या ऑगस्टमध्ये ठिपकेदार पंखांचे ॲनोफेलिस हाती आले आणि 20 ऑगस्टला उत्तर सापडले. ज्या गावात वैद्यकाला हा धडा मिळाला, त्याच गावात मी मनुष्यजातीचा तापमापक श्वानजातीला लावून बसलो होतो.

डॉक्टर मित्रहो, शेजारीपाजारी आपल्याला विचारतात, ‘‘साहेब, आमच्या कुत्र्याला कोणती गोळी देऊ?’’ आपल्याला उत्तर द्यायचा मोह होतो, कारण औषधाचे नाव ठाऊक असते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, यांपैकी एकही नाव पशुवैद्यांना विचारल्याशिवाय तोंडातून जाऊ देऊ नका. अर्धी म्हणूनही नको, पाव म्हणूनही नको.

आमच्या घरी आता दोन तापमापक आहेत. चांदणीच्या तापमापकाच्या डबीवर सौ.नी पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : ‘101 ते 102.5. त्यापुढे गेल्यास डॉक्टरांना फोन.’ त्याखाली नंबर आहे. तो माझा नाही.