तलवारीचे पाणी जोखताना

जपानी तलवारीचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे तिचे पोलाद जगावेगळे असते. हजारो घड्या घालून ते बनवतात, म्हणून ती बंदुकीची नळीसुद्धा चिरते. दुसरी म्हणजे समुरायांच्या शतकानुशतके चाललेल्या लढायांनीच ही तलवार घडवली. चित्रपट, कॉमिक आणि व्हिडिओ गेम यांनी या समजुती इतक्या पक्क्या केल्या आहेत की त्या तपासून पाहाव्यात असे कुणाला वाटत नाही. तपासल्या तर दोन्ही लंगड्या पडतात. या तलवारीचा कच्चा माल तसा अडचणीचाच होता. मध्ययुगीन जपानच्या रणांगणावर माणसे जायबंदी झाली ती मुख्यतः बाणांनी. आणि लढाया ऐन भरात होत्या त्या काळात तलवारींचा सरासरी दर्जा घसरत गेला. मग हिचे मोठेपण कशात आहे? माझ्या मते ते उष्णतेवर आणि वेळेवर लोहाराने मिळवलेल्या हुकमतीत आहे, आणि तसे म्हणायला पुरेसा पुरावा आहे.

सुरुवात लोखंडापासून करू. पश्चिम जपानमधल्या चुगोकु डोंगररांगांत ग्रॅनाइट झिजून तयार झालेली काळी लोहवाळू सापडते. ही वाळू आणि लाकडी कोळसा ‘ततारा’ नावाच्या मातीच्या भट्टीत आळीपाळीने थरांवर थर टाकून जाळतात. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे 1977 मध्ये पुन्हा पेटवलेली ततारा आजही हिवाळ्यात चालते. तिच्यात तीन दिवस आणि तीन रात्री मिळून सुमारे 10 टन वाळू आणि त्याहून थोडा जास्तच कोळसा पडतो, आणि शेवटी भट्टी फोडून जो अवजड गोळा बाहेर ओढतात तो सुमारे अडीच टनांचा भरतो. मध्ययुगातल्या भट्ट्या याहून लहान होत्या, पण रसायन तेच. कोळशातला कार्बन वाळूतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे लोखंड उरते. या भट्टीच्या भिंतीही नुसत्या उभ्या राहत नाहीत. त्यांची माती हळूहळू वितळून वाळूतल्या अशुद्ध घटकांशी मिसळते आणि त्यांची पातळ मळी बनून वाहून जाते. भिंती खंगत जातात आणि आतला गोळा फुगत जातो. म्हणून ततारा एका खेपेपुरतीच.

या पद्धतीचा फायदा मोठा आहे. वाळूत फॉस्फरस कमी आणि लाकडी कोळशात गंधक जवळजवळ नाही. ही दोन्ही द्रव्ये पोलादाला ठिसूळ करतात. तोटाही तेवढाच मोठा. गोळ्यातले लोखंड पूर्णपणे वितळून एकजीव होत नाही. त्यामुळे त्यात एका जागी कार्बन भरपूर, दुसऱ्या जागी जेमतेम, आणि मधूनमधून मळीचे कण अडकलेले असा प्रकार असतो. गोळा फोडून त्यातला उत्तम भाग निवडतात तो ‘तामाहागाने’. त्यात कार्बन साधारण 1 ते 1.5 टक्का असतो, म्हणजे तयार पात्याला हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट. आपल्या दख्खनमध्ये, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या ठिकाणी, मुशीत वितळवून पोलाद करत असत. वितळल्यामुळे मळी वर तरंगून वेगळी होई आणि कार्बन सगळीकडे पसरे. जपानी लोहाराला ही सोय नव्हती. त्याच्या पुढ्यात एक खडबडीत, एका जागी कडक तर दुसऱ्या जागी मऊ असलेला ढेकूळ होता, आणि त्याचे सगळे कसब या विषमतेशी झुंजण्यातून जन्माला आले.

झुंज निवडीपासून सुरू होते. तामाहागानेचे तुकडे तापवून, ठोकून पातळ वड्या करायच्या, त्या पाण्यात बुडवायच्या आणि घाव घालायचा. ज्या तुकड्यात कार्बन जास्त तो काचेसारखा तुटतो. ज्यात कमी तो वाकतो. हातोड्याच्या एका घावात रासायनिक पृथक्करण! मग तुटलेले तुकडे एका पोलादी पट्टीवर रचून त्यांवर ओला कागद, गवताची राख आणि मातीचा पातळ काला चढवतात. आगीत राख आणि माती वितळून काचेसारखा लेप तयार होतो, त्यामुळे हवा आत शिरत नाही आणि लोखंड जळून वाया जात नाही. घणाखाली तुकडे एकमेकांत सांधले जातात. त्यानंतर ऐरणीवर ठोकून लांबवणे, मधोमध खाच पाडणे, घडी घालणे आणि पुन्हा तापवणे हा क्रम सुरू होतो.

इथेच पहिली दंतकथा उगवते. घड्या साधारण 10 ते 15 घालतात. हजारो असतात ते थर: दहा घड्यांत 1,024 आणि पंधरा घड्यांत 32,768. हा नुसता दुपटीचा हिशेब आहे, त्यात गूढ काही नाही. थर वाढल्याने धार जादूने वाढत नाही. कणीक मळताना जे होते तेच इथे होते: गाठी मोडतात, कार्बन सारखा पसरतो, मळी पिळून बाहेर पडते. प्रत्येक तापवणीत थोडा कार्बन जळतो आणि दीड टक्क्यावरून तो 0.6 ते 0.7 टक्क्यावर येतो. वजनही घटत जाते. म्हणजे घड्या हा ओबडधोबड मालावरचा उपाय आहे. माल आधीच एकजीव असता तर त्यांची गरजच पडली नसती. अति घड्या घातल्या तर उलट कार्बन निघून जाऊन पाते निकामी होते. कुठे थांबायचे हे ठिणग्यांवरून आणि घणाखाली लोखंड कसे दबते त्यावरून ठरते. घड्या घालून सांधलेले पोलाद जुन्या युरोपातही होते, तेव्हा या एका युक्तीवर जपानचा मक्ता नाही.

खरी कमाल पुढे आहे. बहुतेक पात्यांत बाहेर कडक पोलाद आणि गाभ्यात मऊ लोखंड असते. पाते घडून झाले की लोहार माती, कोळशाची पूड आणि सहाणेच्या दगडाची भुकटी यांचा लेप कालवतो. पाठीवर तो जाड थापतो, धारेकडे अगदी पातळ. लेप वाळला की भट्टीजवळ अंधार करतात, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग हेच त्याचे तापमापक आणि उजेडात रंग फसवतो. पाते कोळशात मागेपुढे सरकत राहते. सुमारे 750 ते 800 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याच्या स्फटिकांची मांडणी बदलते आणि कार्बन त्यांत विरघळतो. रंग मनासारखा आला की पाते सरळ पाण्यात. पातळ लेपाखालची धार क्षणात निवते. कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो आणि ‘मार्टेन्साइट’ नावाची अतिशय कडक रचना तयार होते. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते, म्हणून मऊ आणि चिवट राहते. याच वेळी पाण्याखाली एक विलक्षण गोष्ट घडते. आधी निवणारी धार आक्रसते आणि पाते खालच्या बाजूला झुकते. पाठोपाठ मार्टेन्साइट होताना तीच धार प्रसरण पावते, मग पाठ निवून आक्रसते, आणि पाते उलट दिशेने वर उचलले जाते. लोहाराने घडवतानाच थोडा बाक दिलेला असतो. त्यात ही भर पडून ओळखीची कमान पुरी होते. एवढ्या ताणात एखादे पाते धारेला तडकते, आणि तडकलेल्या धारेवर इलाज नसतो. महिनाभराची मेहनत काही सेकंदांत वाया जाते.

कडक आणि मऊ यांच्या सीमेवर जी पांढुरकी लाट उमटते तिला ‘हामोन’ म्हणतात. ती नक्षी म्हणून कोरलेली नसते. पाते कुठे किती वेगाने निवले याची ती नोंद असते. आपल्याकडे विळ्या-कोयत्याला लोहार पाणी देतो तेव्हाही तत्त्व हेच. फरक नियंत्रणाचा आहे: पाणी एकच, पण एका बोटाच्या अंतरावर दोन वेगळे परिणाम.

यावर कुणी म्हणेल, आजच्या कारखान्यातले पोलाद याहून सरस असते, मग एवढे कौतुक कशाला? पोलाद सरस असते हे खरेच. आधुनिक मिश्रपोलाद अधिक शुद्ध, अधिक एकसारखे आणि चिवट असते. जुन्या तलवारींची धार कडक वस्तूवर आपटली की तुटे आणि वेडावाकडा जोर पडला की पाते वाकून तसेच राही. बंदुकीची नळी चिरण्याच्या गोष्टी सोडून द्याव्यात. पण कारागिराचे मोजमाप हाती आलेल्या मालावरून करायला हवे. उष्णतामापक नाही, रासायनिक चाचणी नाही, एकजीव पोलाद नाही. तरीही वर्षानुवर्षे हवा तो परिणाम हव्या त्या जागी घडवून आणणे हे मोठे काम आहे.

आता दुसरी समजूत. तलवार हा समुरायचा आत्मा, ही कल्पना मुख्यतः तोकुगावा काळातल्या दीर्घ शांततेत रुजली. त्याआधी योद्ध्याच्या व्रताला ‘धनुष्य आणि घोडा यांचा मार्ग’ म्हणत. 14व्या शतकातल्या योद्ध्यांनी बक्षिसाच्या आशेने वरिष्ठांकडे दिलेल्या अर्जांत आपल्या जखमांचे तपशील लिहिले आहेत. इतिहासकार थॉमस कॉनलन यांनी त्यांचा अभ्यास केला तेव्हा दर चार जखमांतल्या जवळपास तीन बाणांच्या निघाल्या. तलवारीच्या साधारण चौथा हिस्सा. पुढे पायदळाच्या हाती लांब भाले आले आणि तलवार आणखी मागे पडली. मात्र ती कायम कमरेला असे. बाण संपले, भाला मोडला, की शेवटचा आधार तिचाच. शिवाय भेट, इनाम आणि व्यापार यांतही तिला भाव होता.

इतिहासाचा चाहता इथे मंगोल स्वाऱ्या पुढे करेल. 1274 आणि 1281 मध्ये कुब्लाई खानाच्या फौजा क्युशूवर उतरल्या, त्यांच्या चिलखतांपुढे जपानी तलवारी उण्या पडल्या, म्हणून कामाकुरामध्ये मासामुने या लोहाराची नवी शैली जन्मली, असा युक्तिवाद केला जातो. पण कामाकुराच्या होजो तोकियोरी या कारभाऱ्याच्या काळातच, म्हणजे 13व्या शतकाच्या मध्यावर, यामाशिरो आणि बिझेन या प्रांतांतले नामवंत लोहार तिथे येऊ लागले होते. नव्या शैलीची बीजे स्वाऱ्यांच्या आधी पेरली गेली होती. स्वारीत लढलेल्या ताकेझाकी सुएनागाने काढवून घेतलेल्या चित्रगुंडाळीतही ठळक दिसतात ती धनुष्ये आणि मंगोलांचा फुटणारा गोळा. असे मातीचे गोळे ताकाशिमा बेटाजवळ समुद्रतळातून बाहेरही काढले गेले आहेत. युद्धांनी तलवारीचा आकार बदलला हे मला मान्य आहे. घोडेस्वाराची धार खाली करून लटकवलेली लांब ‘ताची’ जाऊन पायी लढणाऱ्याची धार वर ठेवून कमरेत खोचलेली आखूड ‘उचिगाताना’ आली ती रणांगणाच्या गरजेतूनच. आकार बदलणे वेगळे आणि दर्जा वाढणे वेगळे.

दर्जाचे काय झाले ते पाहायचे तर बिझेनमधल्या ओसाफुने गावाकडे पाहावे. 1467 मध्ये ओनिनचे युद्ध पेटले आणि त्यानंतर शंभरावर वर्षे जपान यादवीत होरपळला. हजारो पायदळ सैनिकांना तलवारी हव्या होत्या. चीनलाही त्या हजारोंनी जात होत्या. ओसाफुनेत ‘सुकेसादा’ हे एकच नाव कितीतरी लोहार पात्यांवर कोरत. घाऊक मालावर नुसते गावाचे आणि घराण्याचे नाव असे. खास मागणीच्या तलवारीवर लोहाराचे व्यक्तिगत नाव, कधीकधी गिऱ्हाइकाचेही. गाव, काळ, परंपरा तीच. तरी पहिला प्रकार आज सामान्य गणला जातो आणि दुसरा संग्राहक जपून ठेवतात. दोहोंत मोठा फरक होता तो लोहाराला मिळालेल्या वेळेचा. युद्धाने मागणी वाढवली आणि नेमका तो वेळच काढून घेतला. जाणकार ज्या काळाला सर्वश्रेष्ठ मानतात तो कामाकुरा काळ याआधीचा. 1543 मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदूक पोहोचली तेव्हा तिची नक्कल करण्याचे काम परंपरेनुसार एका तलवारीच्या लोहारावरच पडले. 1575 च्या नागाशिनोच्या लढाईपर्यंत बंदूक निर्णायक शस्त्र होऊन बसली होती.

शेवटचा आक्षेप असा की कार्बन म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्या कामाला विज्ञान कसे म्हणायचे? सिद्धांत त्यांच्यापाशी नव्हता, हे मान्य. मार्टेन्साइट हे नाव जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून पडले ते 19व्या शतकाच्या अखेरीस, आणि जपानी पात्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली पद्धतशीर अभ्यास तोक्योत तावारा कुनिइची यांनी केला तो 20व्या शतकात. पण निरीक्षण, तुलना, एकेक घटक बदलून पाहणे आणि तोच परिणाम पुन्हा मिळवणे हा विज्ञानाचा अर्धा भाग लोहाराच्या शाळेत होताच. तो लेखी नव्हता, आणि त्याची किंमतही मोजावी लागली: 18व्या शतकाच्या अखेरीस सुइशिन्शी मासाहिदे या लोहाराला जुन्या पद्धतींकडे परत चला, असे आपल्या व्यवसायबंधूंना सांगावे लागले.

जपानमध्ये आजही परवानाधारक लोहार तलवारी घडवतात. परवान्यासाठी किमान पाच वर्षांची उमेदवारी लागते. आणि कितीही मागणी असली तरी एका लोहाराला महिन्याला दोनहून अधिक लांब तलवारी घडवता येत नाहीत.