खिशातल्या पडद्यासाठी: चित्रफितींच्या रूपांतराचे एक दशक

संगणकावरची किंवा डिस्कवरची चित्रफीत खिशात मावणाऱ्या यंत्रावर पाहता यावी म्हणून तिचे मुद्दाम रूपांतर करण्याची रीत साधारणपणे २००२ ते २०१२ या दशकात रुजली, घरोघरी पोहोचली आणि त्यानंतर जवळजवळ लोपली. या काळाविषयी लिहिताना यंत्रांच्या नव्या नव्या आवृत्त्यांची जंत्री दिली जाते. परंतु खरे श्रम यंत्राबाहेर, घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर झाले आणि त्यांतून निघालेल्या प्रत्येक फायलीवर त्या त्या यंत्राच्या मर्यादेचा कायमचा ठसा उमटला. यंत्रे भंगारात गेली आणि फायली उरल्या, म्हणून या दशकाचा विचार फायलींच्या बाजूने करणे अधिक योग्य ठरते.

रूपांतर मुळात का लागत होते, हे समजण्यासाठी चित्रफितीच्या फायलीची रचना पाहावी लागते. फायलीचा बाहेरचा भाग म्हणजे कंटेनर. चित्र आणि ध्वनी कोणत्या क्रमाने एकत्र बांधले आहेत एवढेच तो सांगतो, आणि एव्हीआय, एमपी४ किंवा ३जीपी ही नावे या बाहेरच्या बांधणीची आहेत. आतला मजकूर ज्या पद्धतीने दाबून लहान केलेला असतो, ती पद्धत म्हणजे कोडेक. घरच्या संगणकाचा प्रोसेसर विजेवर चालणारा आणि सर्वसाधारण कामाचा असल्याने नवा कोडेक आला की नवे सॉफ्टवेअर बसवून भागत असे. हातातल्या यंत्रात मात्र बॅटरी वाचवण्यासाठी ठरावीक कोडेक उलगडणारी स्वतंत्र चिप असे आणि तिच्या आवाक्याबाहेरची फाइल तिला चालवताच येत नसे. फ्रेंच कंपनी आर्कोसने २००२ मध्ये दीड इंची पडद्याचा आणि हार्ड डिस्क असलेला ‘ज्यूकबॉक्स मल्टिमीडिया’ बाजारात आणला, तेव्हापासूनच चित्रपट आधी संगणकावर लहान करून मग यंत्रात भरण्याची पायरी अपरिहार्य होती.

ही पायरी सर्वांच्या परिचयाची झाली ती ॲपलने १२ ऑक्टोबर २००५ रोजी जाहीर केलेल्या पाचव्या पिढीच्या आयपॉडमुळे. त्याचा पडदा अडीच इंची, ३२० बाय २४० पिक्सेलचा होता, आणि एच.२६४ हा कोडेक, ज्याचे प्रमाणीकरण २००३ मध्ये पूर्ण झाले होते, तो त्यात ‘बेसलाइन’ या सर्वांत साध्या रूपातच चालत असे. बेसलाइन रूपात मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांवरून मधल्या चित्राचे अनुमान करण्याची सोय वगळलेली असते, तसेच आकडेमोड वाढवणारी पण फाइल आणखी आटवणारी संकेतनाची प्रगत पद्धतही वगळलेली असते. त्यामुळे चिपवरचा भार हलका होतो, परंतु तेवढ्याच आकाराच्या फायलीत चित्राचा दर्जा थोडा उतरतो. बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या चित्रासाठी खर्च होणारी माहिती, ७६८ किलोबिटपर्यंतच ठेवण्याची अट होती. त्यात १२८ किलोबिटचा ध्वनी धरला तर दोन तासांचा चित्रपट सुमारे ८०० मेगाबाइटचा होई. भारतात विकल्या जाणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचे असते. ते आयपॉडच्या मापात आणले की प्रत्येक ५.४ पिक्सेलांमागे एकच पिक्सेल उरत असे. सप्टेंबर २००६ च्या सुधारित आवृत्तीत ही मर्यादा ६४० बाय ४८० पिक्सेल आणि दीड मेगाबिटपर्यंत वाढली. पडदा तेवढाच राहिल्याने अनेकांना ही वाढ निरर्थक वाटली असेल. तरीही ज्यांनी तेव्हा मोठ्या मापात रूपांतर केले त्यांच्या फायली आजच्या पडद्यावरही पाहण्याजोग्या आहेत, आणि जागा वाचवण्यासाठी ३२० वर थांबलेल्यांच्या फायली धूसर दिसतात.

महाराष्ट्रातल्या घरांत या कामासाठी हाताशी असलेले मूळ साहित्य बऱ्याचदा व्हीसीडी हे होते. मराठी नाटके, चित्रपट आणि लग्नसमारंभांची चित्रणे व्हीसीडीवर मोठ्या प्रमाणात साठलेली होती. पाल व्हीसीडीवर चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचे असते, म्हणजे ते आयपॉडच्या मापाला जवळचे होते आणि त्यात फार काही गमवावे लागत नव्हते. अडचण निराळीच होती. व्हीसीडीचे पिक्सेल चौरस नसून आडवे रुंद असतात आणि दूरचित्रवाणी संच ते ४:३ या प्रमाणात ताणून दाखवतो. कन्व्हर्टरने, म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, ही गोष्ट ध्यानात घेतली नाही तर नटांचे चेहरे उभट आणि अरुंद होत. शिवाय काही कन्व्हर्टरमध्ये सेकंदाला सुमारे ३० चित्रे हे अमेरिकी माप आधीपासून ठरवलेले असे. २५ चित्रांची आपली डिस्क त्यात बसवली की दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवावे लागे आणि हालचालीत हलकासा हिसका जाणवे. हे दोष पाहणाऱ्याला जाणवत, पण त्यांचे कारण कळत नसे, आणि एकदा फायलीत शिरलेला असा दोष पुढे समूळ काढणे फार कठीण असते.

रूपांतराचे हे तंत्र सामान्य वापरणाऱ्याच्या हाती आणून देण्याचे मोठे श्रेय खुल्या सॉफ्टवेअरच्या रचनाकारांना जाते, आणि ते पुरेसे दिले गेलेले नाही. फॅब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला एफएफएमपेग हा प्रकल्प अगणित कन्व्हर्टरांच्या पोटात काम करत होता, एच.२६४ साठी एक्स२६४ हा एन्कोडर, म्हणजे चित्रे दाबून त्या कोडेकमध्ये बसवणारा प्रोग्राम, २००४ पासून विकसित होत गेला. आणि एरिक पेटी यांनी २००३ मध्ये बीओएस या संगणकप्रणालीसाठी लिहिलेल्या हँडब्रेकने पुढे यंत्रांच्या नावांनिशी तयार मापे, ज्यांना प्रीसेट म्हणतात, यादीत देऊन बिटरेट आणि पिक्सेल यांची उठाठेव झाकून टाकली. ज्यांना दर्जाची चाड होती ते ‘टू-पास’ पद्धत वापरत: संगणक पहिल्या फेरीत संपूर्ण चित्रपट तपासून कोणत्या दृश्यात हालचाल जास्त आहे याची नोंद करी आणि दुसऱ्या फेरीत त्यानुसार माहितीचे वाटप करी. त्या काळच्या संगणकांवर यासाठी चित्रपटाच्या लांबीच्या कित्येक पट वेळ लागे, म्हणून हे काम रात्री लावून ठेवले जाई.

अशा तयार मापांमागे त्या त्या यंत्राच्या अटी असत. सोनीच्या पीएसपी या हातात धरून खेळायच्या गेम-यंत्राचा पडदा ४८० बाय २७२ पिक्सेलचा, म्हणजे आयपॉडहून मोठा होता, तरी त्याच्या मेमरी स्टिकवरची फाइल आरंभी ७६,८०० पिक्सेलांच्या आतच ठेवावी लागे. रुंद चित्रपटांसाठी ३६८ बाय २०८ हे माप त्यातूनच रूढ झाले.

यापेक्षा मोठा आणि कमी लिहिला गेलेला इतिहास स्वस्त यंत्रांचा आहे. आयपॉड किंवा पीएसपी परवडणारी घरे थोडी होती. बहुसंख्यांनी हातातला चित्रपट प्रथम पाहिला तो चिनी बनावटीच्या ‘एमपीफोर प्लेअर’वर किंवा मेमरी कार्ड घेणाऱ्या मोबाइलवर. त्या प्लेअरपैकी अनेकांना एमपीईजी-४ फाइल उलगडता येत नसे. त्यांच्यासाठी एएमव्ही नावाचा खास प्रकार होता, ज्यात १६० बाय १२० किंवा त्याहूनही लहान चित्रे, सेकंदाला १२ ते १६, प्रत्येक स्वतंत्रपणे दाबून ठेवलेली असत. लागोपाठच्या चित्रांतील साम्याचा फायदा न घेतल्याने चिप स्वस्त होई, पण दर्जाच्या मानाने फाइल मोठी होई. मोबाइलसाठीच्या ३जीपी फायलीत चित्र बहुधा १७६ बाय १४४ पिक्सेलचे असे आणि ध्वनी अनेकदा एएमआर या कोडेकमध्ये असे. तो कोडेक दूरध्वनीवरील बोलण्यासाठी घडवलेला असल्याने सुमारे ३,४०० हर्ट्झच्या वरचे स्वर त्यात उरतच नाहीत. संवाद त्यात नीट कळत, पण भजनातल्या टाळांचा नाद आणि तंबोऱ्याची वरची झिणझिण संपूर्ण निघून जाई.

हे रूपांतर घरी न होता मोबाइलच्या दुकानात होई. कार्ड दिले की दुकानदार आपल्या संगणकातली तयार गाणी आणि चित्रपट त्यात भरून देई, आणि गावोगावच्या बाजारपेठांत ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ ही पाटी काही वर्षे दिसत राहिली. हा व्यवहार बहुतांशी हक्कधारकांच्या परवानगीवाचून चालत होता, त्यामुळे निर्मात्यांचे नुकसान झाले हे नाकारता येत नाही. परंतु ज्यांच्या घरी संगणकही नव्हता अशा लोकांपर्यंत चित्रफीत पोहोचवणारी वितरणव्यवस्था या दृष्टीनेही त्याची नोंद व्हायला हवी.

दशकाच्या अखेरीस रूपांतराची गरज दोन बाजूंनी घटत गेली. स्मार्टफोनच्या चिपा एच.२६४ च्या प्रगत रूपांनाही पुरू लागल्या आणि एमएक्स प्लेअर किंवा व्हीएलसी यांसारख्या ॲपमुळे बहुतेक जुने कोडेक थेट फोनवर उलगडू लागले. दुसरीकडे यूट्यूबने २००७ पासून आपल्या चित्रफिती एच.२६४ मध्येही तयार करून ठेवण्यास सुरुवात केली, आणि भारतात २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर फाइल जवळ बाळगण्याचे कारणच अनेकांना उरले नाही. रूपांतर आजही होते, किंबहुना पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक होते. एकाच चित्रफितीच्या वेगवेगळ्या बिटरेटच्या अनेक प्रती कंपन्यांच्या सर्व्हरवर तयार असतात आणि पाहणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही.

प्रश्न उरतो तो त्या दशकातल्या फायलींचा. अशा रूपांतरात टाकून दिलेली माहिती परत मिळवता येत नाही, आणि मूळ व्हीसीडी किंवा कॅसेट खराब झाली असेल तर आजोबांचा आवाज किंवा हौशी मंडळाचा नाट्यप्रयोग एखाद्या ३२० पिक्सेलच्या फायलीतच शिल्लक असू शकतो. अशी फाइल ‘दर्जा सुधारण्यासाठी’ नव्या कोडेकमध्ये पुन्हा दाबण्याचा मोह टाळावा, कारण त्यात आणखी थोडी माहिती जाते. कंटेनर जुना झाला असेल आणि आतला कोडेक नव्या कंटेनरला चालत असेल, तर आतले चित्र आणि ध्वनी जसेच्या तसे ठेवून फक्त बाहेरची बांधणी बदलता येते; एफएफएमपेगमध्ये त्यासाठी एक आज्ञा पुरते आणि काम काही क्षणांत होते. त्याच प्रकल्पात एएमव्ही उलगडणारा भागही स्वयंसेवकांनी लिहून ठेवला आहे, त्यामुळे प्लेअर बंद पडला असला तरी जुन्या कार्डावरच्या त्या फायली आजच्या संगणकावर उघडता येतात.