चारशेपैकी चारशे

नवरात्रात केडगावच्या देवीची यात्रा भरते. यात्रेत पाळणे असतात, खेळण्यांची दुकाने असतात आणि फुगे फोडण्याचा खेळही असतो. फळीवर रंगीबेरंगी फुगे लावलेले असतात. आपण छर्ऱ्याची बंदूक खांद्याला लावतो, एक डोळा मिटतो, श्वास रोखतो आणि चाप ओढतो. कधी फुगा फुटतो, तर कधी नुसताच 'टक्' असा आवाज होतो आणि सगळे हसतात.

उर्दूत आपण ज्याला 'निशाना' म्हणतो, त्याला मराठीत 'नेम' म्हणतात. निशाना साधणारा तो निशानेबाज, तसा नेम धरणारा तो नेमबाज. 'बाज' हा शब्द मराठीने फारसीतूनच घेतला आहे.

यात्रेतला फुगा हाताच्या पंजाएवढा असतो. आता अशी कल्पना करा, की तुमच्यापासून दहा मीटरवर, म्हणजे सुमारे ३३ फुटांवर, एक लक्ष्य आहे. त्याच्या मधोमध एक ठिपका आहे. त्याचा व्यास फक्त अर्धा मिलिमीटर! या ओळीच्या शेवटी जो पूर्णविराम आहे, साधारण तेवढाच. त्याला छर्रा लागला, तरच पूर्ण दहा गुण. ही झाली एअर रायफलची स्पर्धा. या रायफलीत दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोराने छर्रा सुटतो.

हे काम डोळ्यांचे आहे, असे आपल्याला वाटते. खरे तर ते सगळ्या शरीराचे आणि मनाचे आहे. माणूस स्तब्ध उभा असला, तरी त्याचे शरीर किंचित डुलत असते. श्वासाबरोबर छाती हलते. काळजाच्या ठोक्यानेसुद्धा नळीचे टोक हलते. म्हणून नेमबाज श्वास शांत करतो आणि बोटाने चाप अगदी हळू ओढतो. घाई झाली, की नेम चुकलाच.

या खेळात महाराष्ट्राचे नाव मोठे करणाऱ्या महिलांपैकी एक म्हणजे सुमा शिरूर. त्यांचा जन्म १९७४ सालचा. एन. सी. सी. मध्ये असताना त्यांनी रायफल हाती घेतली. मुंबईत संजय चक्रवर्ती नावाचे नामवंत प्रशिक्षक होते. अंजली भागवत, दीपाली देशपांडे यांच्याप्रमाणे सुमा शिरूरही त्यांच्याच शिष्या. या तिघींनी ऑलिंपिक स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले. भारतात या खेळाकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे.

२००२ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांच्या जोडीने एअर रायफलमध्ये सुवर्णपदक जिंकले. पुढच्या वर्षी शिरूर यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

मग २००४ साल उजाडले. मलेशियातील क्वालालंपूर येथे आशियाई नेमबाजी स्पर्धा होती. त्या काळी प्राथमिक फेरीत महिलांना चाळीस छर्रे मारावे लागत. प्रत्येकाचे जास्तीत जास्त दहा गुण, म्हणजे एकूण चारशे. शिरूर यांनी चाळीसही वेळा त्या पूर्णविरामाएवढ्या ठिपक्याचा वेध घेतला. चारशेपैकी चारशे! ही विश्वविक्रमाची बरोबरी होती.

त्याच वर्षी अथेन्सला ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. शिरूर अंतिम फेरीत पोहोचल्या, तेव्हा साऱ्यांच्या आशा वाढल्या. परंतु अंतिम फेरीतील आठ जणींत त्यांचा क्रमांक आठवा लागला. पदक मिळाले नाही. एकाच वर्षात पैकीच्या पैकी गुण आणि त्याच वर्षात आठवा क्रमांक! एका स्पर्धेतील गुण दुसऱ्या स्पर्धेत कामाला येत नाहीत. तेथे पुन्हा पहिल्या छर्ऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

यश आणि अपयश असे दोन्ही पाहिलेल्या शिरूर यांनी २००६ मध्ये पनवेल येथे 'लक्ष्य शूटिंग क्लब' सुरू केला. नेमबाज आता उस्ताद झाली.

उस्तादाचे काम कोणते? शिष्याच्या हातातील चाप तो स्वतः ओढू शकत नाही. उभे कसे राहावे, श्वास केव्हा सोडावा, एक छर्रा चुकला तर पुढच्या छर्ऱ्यापूर्वी मन कसे शांत करावे, हे तो आधीच शिकवून ठेवतो.

शिरूर यांच्या शिष्यांत जयपूरची अवनी लेखरा ही एक आहे. २०१२ साली, लहान असतानाच, मोटारीच्या अपघातात अवनीच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीवर बसून वावरते. वडिलांच्या प्रोत्साहनाने ती नेमबाजीकडे वळली. पुढे तिला शिरूर यांचे मार्गदर्शन लाभले. उभे राहून नेम धरणाऱ्याचा तोल त्याच्या पायांवर असतो. अवनीला मात्र खुर्चीत बसून, कोपर कशावरही न टेकवता रायफल स्थिर धरावी लागते. अशा शिष्येला शिकवताना गुरूलाही नव्याने विचार करावा लागतो.

३० ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या पॅरालिंपिक स्पर्धेत अवनीने २४९.६ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. २०२४ मध्ये पॅरिसच्या स्पर्धेपूर्वी काही महिने तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. तरीही ३० ऑगस्टलाच तिने पुन्हा सुवर्णपदक पटकावले. या वेळी गुण होते २४९.७. आधीपेक्षा एक दशांश अधिक!

२०२२ साली शिरूर यांना द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला. उत्तम क्रीडाप्रशिक्षकांना भारत सरकार हा पुरस्कार देते. त्याच वर्षी कोलकात्याचे मोहम्मद अली कमर यांनाही मुष्टियुद्धाचे प्रशिक्षक म्हणून तो मिळाला. विशेष म्हणजे, कमर यांनीही २००२ मध्ये मँचेस्टरलाच सुवर्णपदक जिंकले होते. त्या स्पर्धेतील दोन विजेते वीस वर्षांनी पुन्हा एकाच यादीत आले. या वेळी खेळाडू म्हणून नव्हे, तर उस्ताद म्हणून.

अथेन्समध्ये हुकलेले पदक सुमा शिरूर यांना परत मिळाले नाही. मात्र हातची विद्या त्यांनी स्वतःजवळ ठेवली नाही. ज्या व्यासपीठावर त्या स्वतः उभ्या राहू शकल्या नाहीत, तसल्याच व्यासपीठावर त्यांची शिष्या दोनदा पोहोचली.

पुढच्या यात्रेत तुम्ही फुग्यावर नेम धराल, तेव्हा घाई करू नका. आणि फुगा फुटलाच, तर शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या भावंडालाही बंदूक कशी धरायची ते दाखवा.