वार्धक्याची तरतूद : देशोदेशीच्या वाटा

वृद्ध कामगारांच्या निर्वाहासाठी राष्ट्रव्यापी सक्तीचा विमा प्रथम सुरू केला तो जर्मनीने. बिस्मार्क चॅन्सेलर असताना १८८९ मध्ये तेथे त्यासाठी कायदा झाला. हप्ता कामगार व मालक यांनी भरावयाचा आणि शासनाने त्यात भर घालावयाची, अशी ती योजना होती. वयाची अट मात्र ७० वर्षांची होती आणि तेवढे आयुष्य त्या काळी थोड्याच कामगारांना लाभे. १९१६ मध्ये ही अट ६५ वर आली. मूळ चौकट अद्याप टिकून आहे. आजच्या कामगारांच्या हप्त्यांतूनच आजच्या वृद्धांना निवृत्तिवेतन दिले जाते. कोणाच्या नावे रक्कम साठत नाही. साहजिकच जन्मप्रमाण घटले आणि आयुर्मान वाढले की हिशेब बिघडतो. म्हणून तेथील निवृत्तीचे वय २०३१ पर्यंत टप्प्याटप्प्याने ६७ वर नेले जात आहे.

दक्षिण अमेरिकेतील चिलीने १९८१ मध्ये नेमकी उलट वाट धरली. तत्कालीन लष्करी राजवटीने मालकाचा हप्ता बंद केला. कामगाराने वेतनाचे १० टक्के खाजगी कंपनीकडील स्वतःच्या खात्यात भरावेत आणि गुंतवणुकीतून जे साठेल त्यावर उतारवय काढावे, असे ठरले. सेनादले व पोलीस यांना मात्र या व्यवस्थेतून वगळण्यात आले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. या प्रयोगाचा पुढे बराच गौरव झाला व अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले. परंतु खाते भरते ते नियमित वेतन असेल तरच. हंगामी मजूर, किरकोळ विक्रेते, मुलांच्या संगोपनासाठी काम सोडणाऱ्या स्त्रिया यांच्या खात्यांत फारसे काही साठले नाही. अखेर २००८ मध्ये राज्यकोषातून आधार देणे भाग पडले. २०२२ मध्ये हा आधार अधिक व्यापक झाला आणि २०२५ च्या कायद्याने मालकाचा हप्ताही परत आणला.

नेदरलंड्समध्ये १९५७ पासून मूळ निवृत्तिवेतन नोकरीवर नव्हे, तर वास्तव्यावर अवलंबून आहे. देशात राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे दोन टक्के हक्क जमा होतो व ५० वर्षांत तो पूर्ण होतो. घर सांभाळणाऱ्या स्त्रीची वर्षेही त्यात मोजली जातात. असे धोरण केवळ श्रीमंत राष्ट्रांनाच परवडते, हा समज नेपाळने खोटा ठरविला. तेथे १९९५ च्या सुमारास ७५ वर्षांवरील नागरिकांना दरमहा १०० रुपये भत्ता सुरू झाला. रक्कम लहान होती, परंतु त्यासाठी वेतनचिठ्ठी लागत नव्हती.

भारतात या वाटा एकमेकींशेजारी नांदतात. कारखान्यांतील कामगारांना १९५२ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी मिळाला. केंद्र शासनाच्या सेवेत १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर आलेल्यांना अंशदानावर आधारित योजना लागू झाली. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२५ पासून निश्चित रकमेची हमी देणाऱ्या एकीकृत योजनेचा पर्यायही खुला झाला. चर्चा बहुधा एवढ्याचीच होते. शेतमजुरांसाठी मात्र दारिद्र्यरेषेची अट असलेली राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आणि राज्याची श्रावणबाळ योजना हाच मुख्य आधार आहे. पहिलीतील केंद्राचा वाटा ७९ वर्षे वयापर्यंत दरमहा २०० रुपये आहे व राज्य त्यात भर घालते. नेदरलंड्समध्ये वास्तव्याची नोंद हीच हक्काची नोंद ठरते. येथे जन्माची नोंद नसलेल्या वृद्धेला वयाचा पुरावा व उत्पन्नाचा दाखला गोळा करून तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. आणि या कागदांसाठी ती प्रथम येते ती ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या दाराशी.