फरीदाबादची नोंदणी आणि शिवारातले मित्रकीटक

यवतमाळच्या कपाशीवर फवारायचं औषध असो की निफाडच्या द्राक्षांवरचं, त्याला परवानगी मिळते ती फरीदाबादहून. केंद्राचं वनस्पती संरक्षण संचालनालय आणि 1968च्या कीटकनाशक कायद्याखालची नोंदणी समिती याच शहरात आहे. कंपनीनं दिलेली विषारीपणाची आणि परिणामकारकतेची माहिती तपासून समिती नोंदणी देते. पण शिवारात त्या औषधाची गाठ एकट्या किडीशी पडत नाही, आणि कृषी-परिस्थितिकीचे अभ्यासक धोरणाकडे वळले आहेत ते यामुळेच.

भातावरचा तपकिरी तुडतुडा पाहा. त्याची मादी पानाच्या आवरणाच्या आत अंडी घालते, त्यामुळे फवारा तिथवर पोचत नाही. मरतात ते तुडतुडे खाणारे कोळी आणि अंडी शोषणारे ढेकूण. आठवड्याभरात पिल्लं बाहेर पडतात तेव्हा त्यांना खाणारं कोणी उरलेलं नसतं आणि उभं पीक करपतं. इंडोनेशियानं हे ओळखून 1986 मध्ये भातासाठी 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढं अनुदानही थांबवलं. भाताचं उत्पादन घटलं नाही.

फरीदाबाद ज्या राज्यात आहे त्या हरियाणातच, जींदजवळच्या निडाना गावात, कृषी अधिकारी डॉ. सुरेंद्र दलाल यांनी शेतकऱ्यांची कीटक पाठशाळा उभी केली. तिथल्या बायका कपाशीची पानं उलटून किडे मोजत आणि शाकाहारी कोण, मांसाहारी कोण हे ठरवत. फवारायचं की नाही, हा निर्णय त्या मोजणीवर. महाराष्ट्रातल्या शेतीशाळांची दिशाही हीच आहे, मात्र दुकानदाराचा सल्ला अजून शेतकऱ्याच्या जास्त जवळचा आहे.

त्याची किंमत 2017 मध्ये यवतमाळनं मोजली. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, औषधं एकात एक मिसळली जात होती, फवारा थेट तोंडावर येत होता. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा चर्चेत आलेल्या मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणावर बंदी आली ती 2023 मध्ये.

आपल्या कायद्यात नियमित नोंदणीला मुदतच नाही. युरोपीय संघात मंजुरी ठरावीक वर्षांपुरती असते. इथंही मुदत हवी. नूतनीकरणाच्या वेळी विषबाधेच्या रुग्णालयीन नोंदी आणि मित्रकीटकांची शेतातली मोजणी समितीपुढं ठेवणं कायद्यानं सक्तीचं केलं पाहिजे.