फिलिपाइन्समधील फलाहारी घोरपडी : आहार, अभ्यासपद्धती व संवर्धन

प्रस्तावना :
घोरपड हा सर्वसाधारणपणे मांसाहारी प्राणी मानला जातो. महाराष्ट्रात आढळणारी घोरपड (व्हॅरेनस बेंगालेन्सिस) कीटक, अंडी, बेडूक व लहान प्राणी यांवर जगते. इंडोनेशियातील कोमोडो ड्रॅगन हरणांचीही शिकार करतो. व्हॅरेनस या प्रजातीतील ८० हून अधिक जातींपैकी बहुतेक अशाच मांसाहारी आहेत. फळे हा ज्यांच्या आहाराचा प्रमुख भाग आहे अशा तीन जाती मात्र फिलिपाइन्समध्ये आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांचा आहार, त्याच्या अभ्यासाच्या पद्धती व संवर्धनाचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

तीन जाती :
व्हॅरेनस ऑलिव्हेशियस ही जाती लुझोन बेटाचा दक्षिण भाग व त्यालगतच्या पोलिलोसारख्या बेटांवर राहते. स्थानिक लोक तिला 'बुताआन' म्हणतात. पनाय बेटावरील व्हॅरेनस माबितांगचे वर्णन २००१ मध्ये, तर उत्तर लुझोनमधील व्हॅरेनस बितातावाचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे दोन मीटर लांबीचा हा शेवटचा प्राणी स्थानिक आग्ता शिकाऱ्यांना पूर्वीपासून परिचित होता. विज्ञानाला तो अज्ञात राहिला. तिन्ही जाती वृक्षवासी व अत्यंत बुजऱ्या आहेत. शिवाय मांसाच्या आमिषाने इतर घोरपडी पकडता येतात, तशा या सहसा सापडत नाहीत.

आहाराचे स्वरूप :
बुताआन केवड्याच्या प्रजातीतील, तसेच कॅनेरियम (आपल्याकडील धूप वृक्षाची प्रजाती) या झाडांची पिकलेली फळे खातो. तो पूर्णतः शाकाहारी मात्र नाही; गोगलगायी व खेकडेही त्याच्या आहारात असतात. प्रौढांचे बोथट दात गोगलगायींची कठीण कवचे फोडण्यास उपयुक्त ठरतात. माबितांग फळांबरोबर पानेही खातो. फळांतील बिया विष्ठेतून अखंड बाहेर पडत असल्याने बीजप्रसारास हातभार लागण्याची शक्यता अभ्यासकांनी मांडली आहे.

अभ्यासपद्धती :
अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर ऑफेनबर्ग यांनी १९८० च्या दशकात बुताआनचा सविस्तर अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी शंभराहून अधिक प्राणी मारून त्यांच्या पोटातील अन्न तपासण्यात आले. पुढे डॅनियल बेनेट यांनी पोलिलो बेटावर विष्ठेतील बिया, खोडांवरील नखांच्या खुणा व स्वयंचलित कॅमेरे यांचा आधार घेतला. आहाराविषयीची माहिती प्राणी न मारताही मिळू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. दुर्मिळ जातींच्या बाबतीत हा फरक केवळ पद्धतीचा नसून नैतिकही आहे.

संवर्धनाचा प्रश्न :
जंगलतोड व मांसासाठी होणारी शिकार हे या जातींपुढील मुख्य धोके होत. फलाहारामुळे पहिला धोका अधिक गंभीर ठरतो. विविध प्रकारचे भक्ष्य खाणारी घोरपड शेताच्या बांधावरही तग धरू शकते. परंतु ठराविक झाडांच्या फळांवर अवलंबून असलेल्या प्राण्यास ती झाडे तुटल्यावर पर्याय उरत नाही. वेगवेगळ्या ऋतूंत फळणारे वृक्ष एकाच जंगलात टिकणे त्याला आवश्यक असते.

निष्कर्ष :
या तीन जातींच्या बाबतीत शिकारबंदी आवश्यक असली, तरी पुरेशी नाही. प्राण्याबरोबर त्याला पोसणारे फळवृक्षही संरक्षित झाले, तरच संवर्धन अर्थपूर्ण ठरेल. एखाद्या प्राण्याच्या आहाराचा अभ्यास हा त्याच्या रक्षणाचा पाया कसा ठरतो, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.