दगडांचं दप्तर

कराड म्हटलं की लोकांना कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आठवतो, यशवंतरावांची समाधी आठवते. मला आठवतात खोके. लांबट, उथळ, आत पन्हळी पाडलेले, आणि प्रत्येक पन्हळीत दगडाचे गोल दांडे ओळीनं मांडलेले. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी कराडला आहे, आणि कोयनेच्या भूकंपक्षेत्रातून काढलेले हे कोअर तिच्याकडे आहेत. महाराष्ट्रात पाहण्यासारखं काय काय आहे याची यादी मला कुणी करायला सांगितली, तर अजिंठा-वेरूळनंतर मी यांचं नाव घालेन. घरचे हसतात, हसोत.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, हे साताऱ्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. शिवाजीसागर जलाशय १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला आणि धक्के जाणवू लागले. ते आजही थांबलेले नाहीत, आणि तेही जेमतेम तीस किलोमीटर लांब, वीस किलोमीटर रुंद अशा टापूत. धरणामुळे भूकंप होतात का, यावर पारावर जितका वाद झाला तितकाच शास्त्रज्ञांतही झाला. शेवटी भूकंपशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या (एनजीआरआय) मंडळींनी ठरवलं की खाली जाऊनच पाहू. २०११ पासून या भागात सुमारे दीड किलोमीटर खोलीचे नऊ बोअर घेतले गेले आणि २०१७ मध्ये गोठणे इथला बोअर तीन किलोमीटरपर्यंत गेला.

त्यांपैकी रासाटीच्या बोअरमध्ये ९३२ मीटरपर्यंत सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, लागला. लाव्हाचा एक थर, त्यावर दुसरा, मधेच विटकरी रंगाची भाजलेली माती, कुठे वायूच्या पोकळ्यांत साठलेले पांढरे झिओलाइट. हे सगळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. आणि मग एका जागी काळा रंग संपतो, राखाडी-गुलाबी पट्ट्यांचा ग्रॅनाइट-नाइस सुरू होतो. त्याचं वय अडीचशे कोटी वर्षांच्या पलीकडे जातं. मधे वाळू नाही, गोटे नाहीत, जुन्या नदीचा गाळही नाही. दोन्ही दगड एकमेकांना चिकटून बसलेले. अंगठा इकडे आणि करंगळी तिकडे ठेवली तर मधल्या जागेत दोनशे कोटींहून जास्त वर्षं गहाळ! किल्लारीला असं नाही. १९९३च्या भूकंपानंतर तिथं ६१७ मीटरचा बोअर घेतला, तेव्हा ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली आठेक मीटर गाळाचा थर सापडला आणि मग नाइस. दोन्ही ठिकाणं महाराष्ट्रातलीच, वर दगडही तोच, पण तळ वेगळा. शाळेत ‘दख्खनचे पठार बेसॉल्टचे बनले आहे’ हे एक वाक्य पाठ करून आपण मोकळे झालो होतो.

कोअर जपणं म्हणजे दगड खोक्यात भरणं असं वाटत असेल तर एकदा ते काम बघावं. नळीतून दांडा बाहेर आला की धुवायचा, तुटलेले तुकडे जुळवून लावायचे, आणि नळीची प्रत्येक खेप संपली तिथं खोलीचा आकडा लिहिलेला ठोकळा ठेवायचा. दांड्यावर लांबीभर दोन रंगांच्या समांतर रेघा ओढतात. तेलाच्या धंद्यात लाल रेघ उजवीकडे आली की वरची बाजू वर आहे असं समजायचं. एखादा तुकडा हातातून निसटून उलटा पडला तरी रेघा चुगली करतात. पुढे दांडा उभा चिरतात. अर्धा भाग अभ्यासाला, त्याचे नमुने कापायची मुभा. उरलेल्या अर्ध्याला सहसा हात लावायचा नाही. तो पुढच्या पिढीचा.

पुढची पिढी त्याचं काय करेल हे आपल्याला कळत नाही, यातच सगळी मौज आहे. मेक्सिकोची सरकारी तेल कंपनी पेमेक्स हिनं १९५०-६०च्या दशकांत युकातानमध्ये बोअर घेतले. तेल मिळालं नाही. खालून आलेल्या दगडाची नोंद ‘अँडेसाइट’ अशी झाली, म्हणजे साधा ज्वालामुखीचा खडक. पुढे ग्लेन पेनफिल्ड या भूभौतिकतज्ज्ञाला त्याच जागी प्रचंड वर्तुळाकार खूण दिसली. त्यानं कोअर शोधायला सुरुवात केली, तर ते गोदामाच्या आगीत गेल्याचं त्याला सांगण्यात आलं. काही तुकडे मात्र वाचले होते. १९९०च्या सुमारास अॅलन हिल्डब्रँडनं ते मिळवले आणि त्यात भयंकर आघातानंच बनतो असा क्वार्ट्‌झ सापडला. डायनोसॉरच्या अंताशी जोडलं गेलेलं चिकशुलुबचं विवर असं पक्कं झालं. त्या अंताला उल्का जबाबदार की आपल्या दख्खनचा लाव्हा, हा वाद आजही चालतो. आता विचार करा, नोंदवही तेवढी उरली असती तर? वहीत तर अँडेसाइट लिहिलं होतं!

इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. ब्रिटननं १८३५ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू केलं, १८४० मध्ये खाणींचे नकाशे जपणारं कार्यालय. १९२६ पासून तिथं खनिजासाठी शंभर फुटांहून खोल बोअर घेतला तर सर्वेक्षणाला कळवावं लागतं. आज नॉटिंगहॅमजवळ कीवर्थला त्यांचं राष्ट्रीय भांडार आहे. अमेरिकेत तेलाचे भाव पडले तसे कंपन्यांना कोअरची गोदामं जड झाली. २००२ मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं धोक्याची घंटा वाजवली आणि २००५च्या ऊर्जा कायद्यात भूवैज्ञानिक नमुने आणि माहिती जपण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. आपलं भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१चं, म्हणजे रेल्वेहूनही जुनं. डिसेंबर २०२३ मध्ये आपणही राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार ऑनलाइन खुलं केलं. नकाशे आणि अहवाल घरबसल्या मिळतात, आनंद आहे. पण संगणकातला दगड पुन्हा चिरता येत नाही.

याची उलट बाजूही मी पाहिली आहे. विदर्भातल्या एका कॉलेजात भूशास्त्र विभागाच्या मागे कोअरचे खोके रचलेले होते. चिठ्ठ्या वाळवीनं खाल्लेल्या, ठोकळे गायब. सुंदर दगड, पण कुठल्या गावचे, किती खोलीचे, कुणालाच सांगता येईना. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल सोडून कागदांवरची तारीख आणि गाव कुणी खोडून टाकावं, तसा प्रकार. दगडाविना नोंद आंधळी आणि नोंदीविना दगड मुका. दोन्ही एकत्र ठेवणं, एवढंच या शास्त्राचं म्हणणं आहे.

थोडं विषयांतर करतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांकडे काचेच्या कपाटात मानानं बसलेला असतो. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, तिथं सहकुटुंब जावं, पोरं हरखून जातात. स्फटिकांना कपाट मिळतं कारण ते चमकतात. कोअरला पत्र्याची शेड मिळाली तरी नशीब. पण कोयनेच्या याच न चमकणाऱ्या दांड्यांवर आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी खोल खडकात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास केला. बोअर भूकंपासाठी, हाती लागले जीव. उद्या कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टमध्ये कोंडायचा म्हटलं, तर पहिली चाचपणी याच खोक्यांत होईल, नव्या बोअरचा खर्च न करता.

आणि तोवर आपल्या गावोगावी काय चाललंय? उन्हाळ्यात तिरुचेंगोडची बोअरची गाडी शिवारात शिरते. कॉम्प्रेसर धडधडतो, भुकटी उडते. काळी, मग तांबूस, मग पुन्हा काळी. पाणी लागलं तर नारळ, नाही लागलं तर शिव्या, आणि भुकटी बांधावर. कोयनेच्या कोअरसाठी कोट्यवधी खर्चावे लागले. भुकटीतली ही माहिती मात्र शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं वर काढलेली असते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. दर दहा फुटांना मूठभर भुकटी पिशवीत भरून, वर गाव, गट नंबर आणि खोली लिहून ती तालुक्याच्या कॉलेजात पोचवली, तर दहा वर्षांत जमिनीखालचा महाराष्ट्र कितीतरी स्पष्ट दिसेल. भूशास्त्राच्या मुलांना प्रकल्प मिळेल, शेजारच्या शेतकऱ्याला कोरडा बोअर टाळता येईल. खोली नीट कोण मोजणार, ही शंका नको. गाडीवाला फुटावर पैसे घेतो, त्यामुळे ती त्याला बिनचूक ठाऊक असते. आपण फक्त पिशवी धरायची आहे.